चांदीचा पेला, सोन्याचा मुलामा आणि आमची शोभा

चांदीच्या कामात एक बरं असतं. पत्रा कापताना जे कातरण पडतं ते पुन्हा मुशीत घालून वितळवता येतं. काही म्हणजे काही वाया जात नाही. फजितीचं तसं नाही. ती वितळत नाही, जुनी होत नाही आणि कुणीतरी ती दर चहाला पुन्हा गरम करून वाढतंच! आमच्या शेडमध्ये चहा लई होतो. त्यामुळं साठा मोठा आहे.

शेड मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं, पत्र्याची. आत आम्ही तिघं. मी दिलीप. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवून व्हीआरएस घेतलेला. दुसरे रफिकभाई. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बिदरीचं काम, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार ठोकून नक्षी बसवायची. तिसरी प्रज्ञा साळवे. एमएस्सी केमिस्ट्री. चांदीवर सोन्याचा मुलामा चढवणं हे तिचं खातं. पोटासाठी आम्ही ट्रॉफ्या बनवतो. कबड्डी, कुस्ती, रांगोळी, सासू-सून संगीत खुर्ची, जे म्हणाल ते.

पण व्हीआरएस घेतलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, आणि रिकाम्या माणसाच्या हातात मोबाइल! एके दुपारी मला जर्मनीतले जुने चषक दिसले. तीन-चारशे वर्षांपूर्वी न्यूरेंबर्ग, ऑग्सबर्ग अशा गावांतल्या सोनारांनी केलेले. अंग चांदीचं, वर सोन्याचा मुलामा. आणि आकार काय विचारता! कुठं अननस, कुठं घुबड, कुठं शिडाचं जहाज, कुठं चाकांवर पळणारं हरीण. त्यात वाइन भरायची, पाहुण्यांपुढं ठेवायची आणि त्यांचे डोळे विस्फारलेले बघायचे. मी ठरवलं, हे आपण इथं करायचं.

रफिकभाईंनी फोटो निरखून बघितले. म्हणाले, "उस्ताद, पीने के वास्ते इत्ता लफडा कायकू?"

मी तोवर चांदीचा पत्रा कापायला घेतला होता.

*

पहिली फजिती घरचीच. माझे सासरे करमाडला असतात. शेतकरी माणूस, मोजकं बोलणारे. एका साखरपुड्यात त्यांनी चार पाहुण्यांसमोर विचारलं, "काय करता मग आता?"

मी छाती फुगवून सांगितलं, "जर्मन पेले करतो, मामा."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. आपल्याकडं जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, हे मी त्या आनंदात साफ विसरलो होतो! थोड्या वेळानं ते माझ्या बायकोला, सुनीताला, मांडवाच्या कडेला घेऊन गेले. "पोरी, बरं चाललंय ना तुमचं? जावई भांडी करायलेत म्हनं. ते बी जर्मनची!"

मग मी समजावायला गेलो. म्हटलं, "मामा, चांदीचे असतात ते."

"चांदीचे हायेत तर जर्मन कसे?"

"म्हणजे जर्मन लोकांसारखे. वरून सोन्याचा मुलामा."

मामांनी विडा गालात सरकवला. "म्हंजी वरून सोनं, मधी चांदी आन नाव जर्मन. मंग फशिवता कोनाला?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी गावाहून येणाऱ्या एकाच्या हाती जर्मनचं पातेलं पाठवलं. ठिकठिकाणी पोचे आलेलं. सोबत निरोप, "तेवढं ठोकून द्या."

मी दिलं ठोकून. खोटं कशाला बोलू, त्या वर्षातलं ते माझं एकच काम, ज्याबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही!

*

नंतर मी अननस-चषक केला. जर्मन सोनारांचा हा लाडका नमुना. पेल्याच्या सगळ्या अंगावर टपोऱ्या गाठी उठवायच्या. पत्रा राळेवर बसवायचा, एकेक गाठ आतून ठोकून बाहेर काढायची. माझी बोटं सुजली, अंगठा काळानिळा झाला, पण चषक झाला. प्रज्ञानं मुलामा असा दिला की नजर ठरेना.

शहरात हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथं आम्ही टेबल लावलं. मी पुढं पाटी ठेवली : 'जर्मन अननस-चषक'.

पहिल्याच बाई थांबल्या. वयस्कर, हातात भाजीची पिशवी. "अगं बाई! शीताफळ किती हुबेहूब केलंय!"

मी हसून म्हटलं, "मावशी, अननस आहे तो. न्यूरेंबर्ग नावाच्या गावात..." आणि मी सुरू झालो. तिथले सोनार, त्यांचा संघ, त्यांचे नियम, गाठी कशा ठोकायचे, सगळं सांगितलं. मावशींनी पिशवी खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या. "पन शीताफळच हाय ना?"

दिवसभर तेच. शाळेची पोरं आली, "सीताफळ!" एक वकील आले, "वा, सीताफळ!" रफिकभाई माझ्या शेजारी बसून प्रत्येकाला म्हणत होते, "हौ, हौ, सीताफळ." दुपारी मी जेवायला गेलो. परत येतो तो प्रज्ञानं पाटी बदललेली : 'दौलताबादी सीताफळ-चषक'. आणि टेबलावर चषक नाही!

"गेला की, सर," ती म्हणाली. "फळांचे व्यापारी होते. लई खूश झाले."

"त्यांना सांगितलं का अननस आहे म्हणून?"

"सर, त्यांना फळातलं कळतं."

*

घरी माझी आई असते. तिच्यापुढं मी जगातल्या कुठल्याच सोनाराची गोष्ट सांगत नाही, पण नारळाचा विषय निघालाच.

त्या काळी जर्मनीत नारळ म्हणजे अपूर्वाई. समुद्रापलीकडून एखादा यायचा. मग सोनार त्याची करवंटी घासूनपुसून चांदीच्या पट्ट्यांत बसवायचे, खाली पाय, वर झाकण, झाला राजाचा पेला. मी म्हटलं, नारळ तर आपल्याकडं कोपऱ्यावर मिळतो! बाजारात हिंडून हिंडून एक देखणा, गोल नारळ निवडला. शेंडी काढली. पॉलिश पेपरनं घासला, मग आणखी बारीक पेपरनं घासला, मग तेल लावून फडक्यानं घासला. असा चमकायला लागला की त्यात माझं तोंड दिसावं. आधी बाहेरून तयार करायचा आणि मग कापायचा, असा बेत. घरी नेऊन कपाटावर ठेवला आणि अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर आई देवापुढं बसलेली. हातात वाटी. "घे, प्रसाद घे."

वाटीत खोबरं.

मी कपाटाकडं बघितलं. मग आईकडं. 

"नारळ लई चकचकीत व्हता रे," आई म्हणाली. "मी म्हनलं, दर टायमाला देवाला आपन कसलाबी आनून देतो. आज चांगला देऊ. घे, गोड निघालाय."

गोड होता, हे कबूल करतो.

*

न्यूरेंबर्गच्या सोनारांत एक कडक नियम होता. उस्ताद व्हायचं असेल तर ठरलेल्या नमुन्याचा चषक एकट्यानं करून दाखवायचा. आकार एका फुलाचा. जर्मनीतलं कसलंसं रानफूल, आपल्याकडं कुणी बघितलेलं नाही. मी फोटो दाखवला तर रफिकभाई म्हणाले, "ये तो धोतऱ्या का फूल है! इसमें पिलाते? फिर मेहमान जिंदा जाता क्या घर को?"

मी मनावर घेतलं नाही. आपणही परीक्षा द्यायची! पेला एकट्यानं ठोकला. तीन तुकडे डाग देऊन जोडले. डाग देणं म्हणजे आपलं सोल्डरिंगच, फक्त चांदीचं. रफिकभाईंनी "जोड एकदा मला बघू द्या" म्हटलं तर मी हात आडवा धरला. परीक्षेत कॉपी नको!

परीक्षक म्हणून रफिकभाई, प्रज्ञा आणि सुनीता आमच्या घरी जमले. मी इस्त्रीचा शर्ट घातला. चषक टेबलाच्या मधोमध ठेवला, चार वाक्यं बोललो आणि वरून सावकाश पाणी ओतलं. सगळे पुढं वाकून बघायला लागले. 

तेवढ्यात टप टप आवाज यायला लागला.

पाणी वरून आत जात होतं आणि खालून, पायातून, तितक्याच निवांतपणे टेबलक्लॉथवर उतरत होतं! रफिकभाई पंख्याकडं बघायला लागले. प्रज्ञानं ओढणी तोंडाशी धरली. मी पाणी ओततच राहिलो. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं.

शेवटी सुनीतानं चषक उचलून सगळीकडून बघितला. "आपण यात तुळस लावू," ती म्हणाली. "निचरा फार छान आहे."

*

आता हरणाचं. हे चषक चाकांवर असायचे. हरीण, त्यावर त्यांची शिकारीची देवी, खालच्या चौथऱ्यात किल्लीचं यंत्र. हरणाचं मुंडकं काढून आत वाइन भरायची, किल्ली द्यायची आणि टेबलावर सोडायचं. ते गरगर फिरून ज्याच्यापुढं थांबेल त्यानं ते रिकामं करायचं. टूलरूमच्या माणसाला दुसरं काय पाहिजे? चाकं, दाते, स्प्रिंगा यांत मी रमून गेलो. देवी काही जमली नाही, नुसतं हरीण केलं.

आमची सोसायटी गारखेड्यात. तिची वार्षिक सभा होती. सभेत दरवर्षी एकच विषय पेटतो : अध्यक्ष कोण होणार? कुणालाच व्हायचं नसतं. कारण नळाला पाणी कधी येणार, हे सगळे अध्यक्षाला विचारतात, आणि ते आमच्या शहरात कुणालाच ठाऊक नसतं! आधीच्या अध्यक्षांनी राजीनामा देऊन मुलीच्या गावी मुक्काम हलवला होता.

मी सभेत हरीण नेलं होतं, करमणूक म्हणून. पोटात मठ्ठा. लोक खूश झाले. हरीण पहिल्यांदा फिरून जोशी काकूंपुढं थांबलं, त्यांनी मठ्ठा पिऊन टाळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांपुढं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अहो, अध्यक्ष पण असाच निवडा की!"

सभेत एकमत झालं. आमच्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच!

मी निर्धास्त होतो. यंत्र माझं, स्प्रिंग माझी, किल्लीला किती पीळ दिला की हरीण कुठं थांबतं हे मला तोंडपाठ. मी नीट अंदाज घेतला, कुलकर्ण्यांच्या रोखानं सोडलं. हरीण निघालं. अर्ध्यावर कुणीतरी मठ्ठा सांडला होता. त्यात चाक घसरलं, हरणानं गर्रकन तोंड फिरवलं आणि आलं ते सरळ माझ्या पोटापाशी येऊन थांबलं.

तेव्हापासून मी अध्यक्ष आहे. काल सकाळीच कुलकर्णी जिन्यात भेटले. मिश्कील हसत म्हणाले, "साहेब, पाणी कधी? का हरणाला विचारू?"

*

खराखुरा जर्मन माणूसही एकदा शेडवर आला. शेंद्र्याच्या एका कंपनीत काही दिवसांसाठी आलेला इंजिनिअर, माझ्या जुन्या मित्राचा ओळखीचा. आम्ही शेड झाडली. पाहुण्यांच्या खुर्चीची डुगडुग बंद केली. मी मोबाइलवरून जर्मनमधली स्वागताची दोन वाक्यं घोकली. साहेब आत आले, मी वाक्यं म्हटली. साहेबांनी नम्रपणे इंग्रजीत सांगितलं की त्यांना मराठी येत नाही.

मी सगळे चषक ओळीनं मांडले होते. घुबड, जहाज, दुसरं सीताफळ. साहेब एकेक हातात घेऊन "गुड, गुड" म्हणत पुढं सरकले. अशा गोष्टी त्यांच्याकडच्या म्युझियममध्ये शाळेची सहल जाते तिथं असतात, असं कळलं. लहानपणी त्यांना त्या सहलीचा लई कंटाळा यायचा, असंही कळलं.

मग ते एकदम थांबले. कोपऱ्यात कबड्डीची ट्रॉफी होती. दोन कानांचा कप, वर मांडी थोपटणारा खेळाडू. खाली कोरलेलं 'उपविजेता', पण कोरताना माझ्या हातून 'उपविजेती' झालेलं, म्हणून मंडळानं परत केलेली.

"धिस!" साहेबांचे डोळे चमकले. "धिस इज ब्यूटीफुल!"

आता जर्मनीत कुठल्यातरी घरात, दिवाणखान्यात, मांडी थोपटत उभा असलेला आमचा पैलवान आहे. आणि खाली लिहिलंय, उपविजेती!

*

शेवटचा किस्सा प्रज्ञाच्या घरचा. तो तिच्या परवानगीनं सांगतो.

जर्मनीत लग्नात एक चषक वापरायचे. चांदीची एक बाई, घेरदार झगा घातलेली. दोन्ही हात वर, आणि हातांत एक छोटी वाटी, दोन बाजूंच्या खिळ्यांवर झुलणारी. बाईला उलटी केली की झग्याचा मोठा पेला होतो. झुलत्या वाटीचं तोंड मात्र वरच राहतं. दोन्ही भरायचे. नवऱ्यानं मोठा पेला प्यायचा, पण वाटीतला थेंब सांडायचा नाही. वाटी बायकोची.

प्रज्ञानं हे ऐकलं आणि एके दिवशी म्हणाली, "सर, मला हा पाहिजे. आई-पप्पांसाठी."

तिचे आई-वडील, म्हणजे साळवे काका आणि काकू, एकमेकांशी बोलत नव्हते. कित्येक वर्षं. भांडण कशावरून झालं ते प्रज्ञालाही नीट सांगता यायचं नाही. काकूंच्या भावाच्या घरी काका काहीतरी बोलले होते एवढंच. बाकी सगळं सुरळीत. काकू काकांच्या आवडीची भाजी करायच्या, काका काकूंची गोळ्या-औषधं आणायचे. फक्त बोलायचं ते प्रज्ञामार्फत. ती शेडवर असली की तिला फोन यायचा. काका बैठकीतून फोन करायचे, "तुझ्या आईला विचार, चहा ठेवते का." प्रज्ञा आईला फोन लावायची. काकू स्वयंपाकघरातून, "तुझ्या पप्पाला सांग, ठेवलाय." आम्ही मुलामा थांबवून बसायचो.

आणि आता प्रज्ञाला पुण्याला नोकरी लागली होती.

"मी मीटिंगमध्ये असले तर?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं. "सर, ह्यांना चहा कोण देईल?"

मी तो चषक जीव ओतून केला. झग्याच्या जागी परकर केला. रफिकभाईंनी काठावर चांदीच्या तारेची वेल बसवली, कसलाही विनोद न करता. प्रज्ञानं स्वतः मुलामा दिला.

ती जायच्या आधीच्या रविवारी त्यांच्या घरी सगळे जमले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मग प्रज्ञानं चषक आणला आणि दोन्हीकडं लिंबाचं सरबत भरलं. काकू भिंतीकडं बघत बसल्या होत्या. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हाताला थोडा कंप. त्यांनी चषक दोन्ही हातांनी धरला आणि नजर त्या छोट्या वाटीवर ठेवून घोट घोट प्यायले. कपाळावर घाम आला. पण एक थेंब सांडला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता काकूंची पाळी. काकांनी चषक पुन्हा सरळ केला आणि त्यांच्यापुढं धरला. काकूंनी वाटी ओठांकडं कलवायला घेतली.

वाटी कलेना.

माझा खिळा! मुलाम्यानंतर तो घट्ट बसला होता, आणि सरळ करताना शेवटी गच्चच अडकला. काकूंनी बोटानं ढकललं, हलेना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठून "द्या इकडं" म्हणणार, तोच रफिकभाईंनी माझा शर्ट मागून धरला आणि मला खाली बसवलं.

वाटी कलणार नाही म्हटल्यावर सगळा चषकच कलवायला पाहिजे. तो काकांच्या हातात. काकांनी कलवला. जरा जास्तच. सरबत काकूंच्या हनुवटीवर आलं.

"नीट धरा की!" काकू म्हणाल्या.

प्रज्ञा मान वर करून आईकडं बघायला लागली.

 काका प्रज्ञाकडं वळले. "तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, "सांग... नीट धरलंय."

काकूंनी उरलेलं सरबत पिऊन टाकलं आणि पदरानं तोंड पुसत आत निघून गेल्या. त्या दिवशी पुढं काहीच झालं नाही. प्रज्ञा पुण्याला गेली.

मला मात्र चैन पडेना. माझ्या हातचं काम, आणि नेमक्या वेळेला अडकलं! काही दिवसांनी मी छोटा पाना आणि तेलाची कुपी घेऊन साळव्यांच्या घरी गेलो. काकांनी दार उघडलं. चषक समोर टीव्हीशेजारी ठेवलेला. मी दारातूनच म्हटलं, "काका, तो खिळा मोकळा करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काकांना म्हणाल्या, "अहो, त्यांना सांगा, पेला दुरुस्त करायचा नाही."

काका माझ्याकडं वळले.

"ती म्हणते, दुरुस्त करायचा नाही."